पेंढा, पट्टी आणि टक्के

देवगड, १२ मे

आज आंब्याच्या एकवीस पेट्या भरल्या. हात अजून डिंकाने चिकट आहेत, वहीच्या पानालाही तो लागलाय.

दुपारी पडवीत पेंढा पसरून बसलो होतो. मुंबईहून आलेला चुलतभाऊ पेटीला हात लावायला तयार नव्हता, पण महाराष्ट्र कसा मागे पडला ते ऐकवायला तयार. देशाच्या उत्पन्नात २०१०-११ साली आपला वाटा १५ टक्क्यांच्या वर होता, २०२३-२४ मध्ये १३.३ वर आला. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्याच टिपणात आहे हे. विरोधक म्हणतात उद्योग गुजरातने पळवले, सत्तेतले म्हणतात पहिला नंबर अजून आमचाच. दोघांचंही थोडंथोडं खरं, म्हणून भांडण मिटत नाही. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप बनवायचा कारखाना तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा केवढा गहजब! पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली, त्याचं सुतक मात्र कुणी पाळलं नाही.

मी म्हटलं, त्या टक्क्यांत आपण कुठे रे? कोकण विभागाचं दरडोई उत्पन्न भरघोस दिसतं, कारण मुंबई-ठाणं त्याच विभागात. मागे राहिलेल्या भागांच्या विकासाचा अनुशेष भरायला १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली, तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक आणि आम्ही 'उर्वरित महाराष्ट्रा'त, पुण्या-कोल्हापूरच्या पंगतीला. त्या पंगतीत वाढपी आमच्यापर्यंत पोचेस्तोवर पातेल्यात काय उरणार? २०२० मध्ये मंडळांची मुदतच संपली.

काकी आंब्याचे देठ बघत होती. मान वर न करता म्हणाली, "माझो झील खंय मोजलो? हय की थय?"

थय. तिचा मुलगा घाटकोपरला राहतो, त्याची कमाई मुंबईच्या खात्यात. २००१ ला सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ ला ८,४९,६५१. ज्यांच्यात उत्पन्न भागायचं ती माणसं कमी झाली की दरडोई आकडा आपसूक फुगतो. गाव ओस पडावं आणि कागदावर श्रीमंत व्हावं!

"माका दीड हजार गावतत, ता मात्र हय," काकी म्हणाली. लाडक्या बहिणीचे. यावर भाऊ गप्प.

नाणारच्या तेल रिफायनरीचा विषय निघालाच. २०१९ ला नाणारची अधिसूचना रद्द झाली, २०२३ ला बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्याच माती परीक्षणासाठी पोलीस आले. मी विरोधाच्या सभेला गेलो होतो. ते चुकलं असं अजूनही वाटत नाही. पण पुतण्या डिप्लोमा करून पुण्याची एसटी धरत होता तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवेना. पुढाऱ्यांना हा त्रास नाही. विरोधात असले की ते आंब्याच्या बाजूला, सत्तेत गेले की कंपनीच्या.

संध्याकाळी वाशीचा टेंपो आला. भाव काय मिळाला ते दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की कळेल, भाडं, हमाली, आडत कापून.

रात्री बागेतला नेपाळी गडी मोबाइल घेऊन पायरीवर आला. घरी पैसे पाठवायचे होते, रेंज मिळत नव्हती. त्याला विहिरीपलीकडच्या फणसाखाली नेलं, तिथे दोन काड्या येतात. तीन वेळा गोल गोल फिरलं, चौथ्यांदा गेले. मग त्याने बायकोला फोन लावला आणि मी बॅटरी घेऊन लांब उभा राहिलो.