बायकांची गाणी आणि मियामोतो

मागच्या आठवड्यात एका दुपारी मी जपानी गायक मियामोतो हिरोजीचा ‘रोमान्स’ हा अल्बम लावून बसलो होतो, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला आलेल्या मावशी दारातच थबकल्या. चौथे गाणे चालू होते. दोन-तीन ओळी ऐकून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारले, “हा माणूस भांडतोय का रडतोय?” मी म्हटले, “दोन्ही.” “मग बायकोशीच असणार,” असा निकाल देऊन त्या आत गेल्या आणि कांदा चिरू लागल्या. जपानी भाषेचा गंध नसताना त्यांनी एवढे ओळखले याचे मला कौतुक वाटले. एवढेच की त्या गाण्यात बोलणारी व्यक्ती बाई आहे, आणि भांडण तिला सोडून देणाऱ्या पुरुषाशी चालले आहे.

ते गाणे नाकाजिमा मियुकीचे, ‘केशो’ नावाचे, १९७८ सालच्या तिच्या अल्बममधले. नटण्यामुरडण्याची कधी पर्वा न केलेली गाण्यातली ती बाई आज रात्रीपुरते तरी सुंदर दिसावे म्हणून तोंडाला रंग लावते, कारण आज ती त्याला अगदी शेवटचे भेटायला निघालेली असते. तिला त्याच्याकडून आपल्या पत्रांचा गठ्ठा परत हवा आहे. दुसऱ्या कोणाला शेजारी घेऊन ती पत्रे त्याने वाचू नयेत एवढेच तिचे मागणे आहे. आणि शेवटी ती आपल्या अश्रूंना बजावते की बस सुटेपर्यंत तरी वाहू नका. या गाण्यात लाज, संताप आणि आर्जव अशा काही गुंतल्या आहेत की गाणाऱ्याने एकीकडे जास्त भार दिला तर सगळेच रडके होऊन बसते. मियामोतो ते रडके होऊ देत नाही. पत्रे परत मागताना त्याचा आवाज चक्क चिडतो.

हा मियामोतो म्हणजे एलिफंट काशिमाशी या रॉक बँडचा गायक. तोक्योच्या उत्तरेकडच्या आकाबाने भागात १९६६ साली जन्मलेला, शाळेतल्या सवंगड्यांना घेऊन १९८१ साली सुरू झालेल्या बँडमध्ये आजही गाणारा. १९८८ साली त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली, आणि त्याच वर्षी शिबुयाच्या सभागृहात त्यांनी प्रेक्षागृहातले दिवे शेवटपर्यंत न मालवता कार्यक्रम केला, ही गोष्ट त्यांचे चाहते अजूनही एकमेकांना सांगतात. त्या काळातला मियामोतो प्रेक्षकांवर खेकसत असे, आणि गाणे म्हणजे त्याच्या लेखी बहुधा समोरच्याला हलवून जागे करण्याचा प्रकार होता. रेकॉर्ड खपत नव्हत्या, १९९४ साली कंपनीने त्यांना नारळ दिला, आणि १९९७ साली एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी केलेल्या गाण्याने त्यांना घराघरांत नेले. पांढरा सदरा, काळी विजार आणि गाता गाता दोन्ही हातांनी विस्कटून टाकलेले केस, हे त्याचे ध्यान जपानमध्ये लहान मुलांनाही ठाऊक आहे. अशा माणसाने चौपन्नाव्या वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, बायकांनी गाजवलेल्या बारा गाण्यांचा अल्बम काढावा, आणि तो ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसावा! तीस वर्षांहून अधिक काळ बँडमध्ये गाऊनही अल्बमच्या यादीतले पहिले स्थान त्याला पूर्वी मिळालेले नव्हते.

पुरुषाने बाईच्या तोंडचे गाणे गाणे यात तसे नवल काही नाही. ज्ञानदेवांच्या विराण्या ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना तर ते मुळीच खटकत नाही, आणि एन्का या जपानी भावगीतांच्या प्रकारातही ही रीत जुनीच आहे. तोकुनागा हिदेआकी या गायकाने २००५ पासून गायिकांच्या गाण्यांची अल्बममालिकाच काढली, आणि ती पुष्कळ खपली. पण तोकुनागा गातो तेव्हा आवाज इतका मऊ करून, इतक्या हलक्या पावलांनी त्या गाण्यात शिरतो की काही वेळाने गाणे घडीच्या चादरीसारखे दिसू लागते. मियामोतो बाईचा आवाज काढायला जात नाही. शब्दही बदलत नाही. तो आपल्या खरखरीत पुरुषी गळ्यानेच त्या बाईचे म्हणणे मांडतो, जणू ती त्याच्या घरातली कोणी आहे आणि तिच्या वतीने बोलायला तो उभा राहिला आहे.

मला यावर आमच्या वाड्यातला भोंडला आठवतो. आश्विनात संध्याकाळी चौकात पाट मांडून त्यावर हत्ती काढला जाई (एलिफंट काशिमाशीच्या चाहत्याने हा योगायोग मुद्दाम नोंदवायला हवा), आणि वाड्यातल्या मुली त्याभोवती फेर धरत. आम्ही मुलगे जिन्याच्या पायऱ्यांवर बसत असू, वरवर गोट्या मोजत, मनातून खिरापतीवर डोळा ठेवून. आम्हाला त्या गाण्यांशी काही कर्तव्य नाही असे दाखवणे ही आमच्या पुरुषत्वाची पहिली अट होती. प्रत्यक्षात आम्हा प्रत्येकाला ती सगळी गाणी पाठ होती. सासरी गेलेल्या मुलीची कुरकुर, माहेरचा निरोप, कारल्याच्या वेलापासून नणंदेच्या खोडीपर्यंत सगळे. एकदा फेर चालू असताना पुढची ओळ कोणालाच आठवेना. फेर मंदावला, आणि पायरीवरून माझ्या तोंडून ती ओळ चांगली खणखणीत बाहेर पडली. सगळा चौक हसला. आत्या म्हणाली, “अरे, मग तिथे काय बसलायस? ये, धर फेर.” मी गोट्या तिथेच टाकून वरच्या मजल्यावर पळालो, आणि त्यानंतर नवरात्रात ओठ घट्ट मिटून बसण्याची काळजी घेऊ लागलो. गाणी मात्र आत चालूच असत.

‘रोमान्स’मधली बहुतेक गाणी १९७२ ते १९८२ या दशकातली आहेत, म्हणजे मियामोतोच्या सहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंतची. घरात दूरचित्रवाणीवर ती वाजत असणार आणि हा मुलगा ती ऐकत असणार. शिवाय हा मुलगा नुसता ऐकणारा नव्हता. तो एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या बालवृंदात गात असे, आणि १९७६ साली, दहा वर्षांचा असताना, एनएचकेच्या ‘मिन्ना नो उता’ या कार्यक्रमासाठी एकट्याने गायलेले त्याचे एक गाणे रेकॉर्डवरही आले होते. ते रेकॉर्डिंग आज ऐकले की थक्क व्हायला होते. प्रत्येक अक्षर स्वच्छ, स्वर जागच्या जागी, कुठेही ओढाताण नाही. पुढे त्याच गळ्याने ओरडायचे ठरवले. ‘रोमान्स’मध्ये हळू आवाजात सुरू होणाऱ्या जागा आल्या की मला तो बालवृंदातला मुलगा स्पष्ट ऐकू येतो, आणि मग कडव्याच्या शेवटी खेकसणारा बाप्या येऊन त्याला बाजूला सारतो. असा अल्बम पायरीवर बसून करता येत नाही. त्याला उठून फेरात जावे लागले असणार.

मला एरवी जुनी गाणी नव्याने गाण्याच्या प्रकाराचा तिटकारा आहे. आपल्याकडेही दिव्यांच्या झगझगाटात, मागे शंभर वाद्ये लावून जुन्या भावगीतांची जी वाट लावली जाते ती ऐकून मी अनेकदा उठून दुसऱ्या खोलीत गेलो आहे. म्हणून मी एक नियम करून घेतला आहे: आधी मूळ गाणे, मगच नवे. ‘रोमान्स’च्या बाराही गाण्यांना मी ही शिस्त लावली, आणि बहुतेक ठिकाणी मूळ गायिका जिंकली हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्सुदा सेइकोच्या ‘आकाई सुइतोपी’तला तो कोवळा संकोच कोणाही बाप्याला साधणे शक्य नाही, आणि कुबोता साकीने १९७९ साली स्वतः लिहून गायलेल्या ‘इहोजिन’मध्ये तिचा आवाज असा अलिप्त, असा वाटसरूसारखा आहे की मियामोतोची धग तिथे उपरी वाटते. आझुसा मिचियो ‘फुतारी दे ओसाके ओ’ हे १९७४ सालचे गाणे रंगमंचावर चक्क मांडी घालून, जमिनीवर बसून गात असे. ते पाहिल्यावर पुढे कोणी काय करायचे?

पण ‘मोमेन नो हांकाचीफू’ वेगळे. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात मी थोडीफार जपानी शिकलो तेव्हा आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, हे गाणे ऐकवले होते, आणि वर्गातल्या अर्ध्या मुलांनी ते त्याच रात्री पाठ केले होते. १९७५ साली ओता हिरोमीने गायलेले, मात्सुमोतो ताकाशीने लिहिलेले आणि त्सुत्सुमी क्योहेइने चाल दिलेले हे गाणे म्हणजे चार कडव्यांचा पत्रव्यवहार आहे. मुलगा पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीने शहरात जातो आणि गावी राहिलेल्या मुलीला सांगतो की तुझ्यासाठी काहीतरी आणीन. ती म्हणते, मला काही नको, तू शहराच्या रंगात रंगू नकोस म्हणजे झाले. मग तो अंगठी पाठवतो, सुटातला फोटो पाठवतो; प्रत्येक कडव्यात तो थोडा दूर गेलेला असतो, आणि शेवटी आपण परत येऊ शकत नाही असे कळवतो. तेव्हा ती पहिल्यांदा काहीतरी मागते: डोळे पुसायला एक सुती रुमाल. आपल्याकडे ही गोष्ट कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. या गाण्यात दोघांचेही बोलणे एकाच गळ्याने म्हणायचे असते. ओता हिरोमी गाते तेव्हा ती मुलगी खरी वाटते आणि मुलगा तिने मनात ऐकलेला. मियामोतो गातो तेव्हा मुलगाही खरा होतो. घाईत असलेला, शहराने दिपलेला, खोटे न बोलणारा, आणि म्हणूनच जास्त दुखावणारा. त्या मुलावर इतकी वर्षे रागावलेला मी, या ध्वनिमुद्रणानंतर त्याच्याविषयी थोडा गप्प झालो आहे.

अल्बम निवडलेल्या क्रमानेच ऐकावा, मधले गाणे वगळू नये, हा माझा आणखी एक हट्ट. फक्त अकरावे गाणे नाताळचे, मात्सुतोया युमीचे, सांताक्लॉज प्रियकराविषयीचे आहे, आणि ते पुण्याच्या मे महिन्यात ऐकवत नाही, म्हणून डिसेंबर सोडून मी त्यावरून थेट उतादा हिकारूच्या ‘फर्स्ट लव्ह’कडे उडी मारतो. हट्टाचे काय, तो आपल्यापुरता असतो.

आठवे गाणे मात्र कधीही वगळत नाही. ‘कास्साई’, म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. चिआकी नाओमीने १९७२ साली गायले आणि त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळवला. नेहमीप्रमाणे पडदा वर जातो, प्रेमाची गाणी गाणाऱ्या गायिकेला काळ्या किनारीचे पत्र येते, आणि ज्याला मागे सोडून ती शहरात आली होती तो गेल्याचे कळते. आणि तरी ती आजही गाते. मियामोतोचा स्वतःच्या नावाने काढलेला पहिला अल्बम मार्च २०२० मध्ये आला होता, आणि त्याबरोबरचा दौरा कोरोनाच्या साथीमुळे रद्द झाला. एप्रिलमध्ये आणीबाणी जाहीर झाली. त्या दिवसांत तो आपल्या कामाच्या खोलीत एकटा बसून गिटारवर रोज एक अशी ही जुनी गाणी गात होता आणि ध्वनिमुद्रित करीत होता. त्यातूनच पुढे निर्माता कोबायाशी ताकेशीच्या साथीने ‘रोमान्स’ उभा राहिला. २०१२ साली याच मियामोतोच्या डाव्या कानाने एकाएकी दगा दिला होता आणि जवळपास वर्षभर त्याला रंगमंच सोडावा लागला होता. गाणे म्हणायचे आहे आणि समोर कोणी नाही, ही अवस्था त्याला परकी नव्हती. अल्बम निघाला तेव्हा जपानमधल्या सभागृहांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागत, आणि आलेल्यांना तोंडावर मास्क लावून गप्प बसावे लागे. ओरडायला मनाई, टाळ्या तेवढ्या चालत.

पुढच्या वर्षी तो जपानच्या सत्तेचाळीसही प्रांतांच्या दौऱ्यावर निघाला आणि १२ जून २०२२ रोजी, आपल्या छप्पन्नाव्या वाढदिवशी, तोक्योतल्या योयोगीच्या क्रीडागृहात त्याने तो संपवला. त्यातला एकही कार्यक्रम मी पाहिलेला नाही. तिकीट मिळाले असते तरी मी पुण्याहून गेलो असतो की नाही, याची मला खात्री देता येत नाही.