लांब मजकूर, लांब लिंक आणि सुधारणेची मागणी: माझा अनुभव

सोलापुरातल्या एका वाचनालयासाठी मी 1930 साली तिथे लागू झालेल्या मार्शल लॉविषयीच्या (लष्करी अंमलाविषयीच्या) लेखांची सूची स्प्रेडशीटमध्ये तयार करत आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना त्या वेळच्या घटनांवरून 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्यावरील प्रत्येक लेखाचा सारांश एका रकान्यात आणि लेखाची लिंक शेजारच्या रकान्यात, अशी मांडणी मी ठरवली होती.

सारांश जरा मोठा झाला की त्याची ओळ पडद्यापेक्षा उंच होई आणि माउसचे चाक फिरवताच प्रोग्राम थेट पुढच्या ओळीवर जाई, त्यामुळे मधला मजकूर वाचताच येत नसे. एक्सेलचे उदाहरण घेतले, तर एका सेलमध्ये 32,767 अक्षरे मावतात, पण ओळीची उंची 409 पॉइंटांपलीकडे वाढत नाही. म्हणजे मजकूर साठतो, पण पूर्ण दिसेलच असे नाही.

लिंकची अडचण मराठीला अधिक जाचते. ब्राउझरच्या पट्टीत ‘सोलापूर’ असे स्वच्छ दिसणारे नाव सेलमध्ये चिकटवले की %E0%A4%B8 अशा खुणांची माळ उमटते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे ‘सोलापूर’ या एका शब्दाची 63 अक्षरे होतात. लिंक सूत्राने द्यायची, तर एक्सेलच्या सूत्रात अवतरणचिन्हांमधला मजकूर 255 अक्षरांपुरताच चालतो. इंग्रजी शीर्षकाला ही मर्यादा सहसा आड येत नाही, मात्र मराठी शीर्षक 28 चिन्हांतच तिथे पोहोचते, आणि संकेतस्थळाचा पत्ता त्याच्या आधी असतोच.

मी वापरतो तो प्रोग्राम मुक्तस्रोत असल्यामुळे त्याच्या अडचणी आणि मागण्या नोंदवण्याच्या प्रणालीत खाते उघडून मी सुधारणेची मागणी लिहिली. पहिल्या नोंदीत दोन्ही अडचणी एकत्र होत्या. एका स्वयंसेवकाने त्या वेगळ्या करण्यास सांगितले, आणि ते रास्तच होते, कारण उंच ओळीतून सरकणे आणि लिंक दाखवणे ही कामे प्रोग्रामच्या निराळ्या भागांत होतात. मग प्रत्येक नोंदीसोबत एकच सेल असलेली नमुना फाइल, प्रोग्रामची आवृत्ती, क्रमवार कृती, काय दिसले आणि काय दिसायला हवे, एवढे जोडले. लिंकबाबत माझी मागणी नेमकी होती: सेलमध्ये देवनागरी दिसावी, आत मूळ पत्ता जसाच्या तसा राहावा आणि कॉपी करताना दोहोंपैकी एक निवडता यावा.

उंच ओळीची अडचण दुसऱ्या एकाने आपल्या संगणकावर पडताळली आणि ती नोंद ग्राह्य धरली गेली. लिंकच्या नोंदीवर देवनागरीत दाखवलेला पत्ता फसवणुकीसाठी वापरला जाऊ शकतो, अशी शंका आली आहे. ती मला गंभीर वाटते, म्हणून सेलवर माउस नेल्यास मूळ पत्ता दिसावा, ही पुरवणी मी जोडली आहे. तोवर विकिपीडियाच्या लिंकसाठी मी विकिमीडियाची लघुपत्त्याची सोय वापरतो आणि लांब सारांश दोन ओळींत विभागतो.