टायटसव्हिल बघा, पण कागद शोधायला फ्रँकलिनला जा

पेनसिल्व्हेनियात तेलाचा जुना इतिहास शोधायला निघाला असाल तर मीडव्हिलला जाऊ नका. आम्हाला तिकडे पाठवलं ते पैसे घेऊन जुने दस्त शोधून देणाऱ्या एका माणसाने. एडविन ड्रेकची १८५९ची तेलविहीर जगभर ‘टायटसव्हिलची’ म्हणून ओळखली जाते. टायटसव्हिल क्रॉफर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) आहे आणि क्रॉफर्डचं मुख्य ठाणं मीडव्हिल, म्हणून त्याने मीडव्हिल सांगितलं. पण विहीर गावाच्या दक्षिणेला, हद्द ओलांडून, व्हेनँगो काउंटीत आहे आणि व्हेनँगोचं दप्तर फ्रँकलिनच्या कोर्टहाउसमध्ये. दोन्ही काउंट्या १८०० सालीच वेगळ्या झाल्या, म्हणजे विहिरीच्या जवळजवळ साठ वर्षं आधी. ज्याचा धंदाच दस्त शोधण्याचा, त्याला हे माहीत असायलाच हवं होतं. आमचा कामाचा दिवस वाया गेला, फी परत मिळाली नाही, आणि तरीही ‘पुढच्या शोधासाठी’ वेगळे पैसे मागितले गेले. असा माणूस अजिबात लावू नका. हे काम कुणालाही स्वतः करता येतं.

ते असं करायचं. आपल्याकडे सर्व्हे नंबर किंवा गट नंबर धरून सातबारा काढतो, तसं इथे जुन्या दस्तांना चालत नाही. इथे सगळं नावावर चालतं. जमीन देणाऱ्यांची एक सूची, घेणाऱ्यांची दुसरी. आडनाव शोधायचं, समोरचा खंड आणि पान टिपायचं, मग तो खंड उघडायचा. सापडलेल्या दस्तातला देणारा घ्यायचा आणि त्यालाच घेणाऱ्यांच्या सूचीत शोधत मागे जायचं. एकदा हात बसला की साखळी भराभर उलगडते. हद्दी झाडं, दगड आणि ‘पर्च’मध्ये लिहिलेल्या असतात, एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पर्चचा एक मैल. माणसांच्या नोंदी हव्या असतील तर १८९३ ते १९०५ चे जन्म-मृत्यू काउंटीकडे आहेत आणि १९०६ पासूनचे राज्याकडे. कार्यालयं सोमवार ते शुक्रवारच चालतात. शनिवार धरून बेत आखू नका, आणि मोबाइलने फोटो काढू देतात का ते आत गेल्या गेल्या विचारा.

तेलाच्या तेजीतले भाडेपट्टे मात्र जरूर काढा. शेतकरी पुष्कळदा जमीन न विकता ती पट्ट्याने देई आणि निघालेल्या तेलात हिस्सा घेई. मग पट्टेदार आपल्या वाट्याचे तुकडे करून पुढे विकत असे. सूचीत तीच ती नावं पुन्हा पुन्हा यायला लागतात आणि तेजी कशी चढली ते पानापानावर दिसतं. इतका आनंद मला या प्रवासात दुसरीकडे कुठेच मिळाला नाही.

ड्रेकच्या जागेवर संग्रहालय आहे, चांगलं आहे, दोन तास पुरतात. तिथे एकच गोष्ट नीट समजून घ्या. भोक पाण्याने आणि मातीने ढासळत होतं, म्हणून ड्रेकने ओतीव लोखंडाचा नळ ३२ फूट खाली, खडकापर्यंत ठोकला आणि त्याच्या आतून ड्रिल चालवलं. २७ ऑगस्ट १८५९ ला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. युक्ती नळाची होती आणि त्याने तिचं पेटंट घेतलं नाही. जवळच्या ऑइल क्रीक ओढ्याच्या काठचा सायकलमार्ग सपाट आणि डांबरी आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरी दमछाक पिटहोलला, तेलाच्या तेजीत उभं राहून ओस पडलेल्या गावाच्या जागी, होते. ‘भुताचं गाव’ ऐकून पडक्या घरांच्या आशेने जाल तर निराश व्हाल. एकही घर नाही. डोंगरउतारावर गवत कापून जुने रस्ते दाखवलेत आणि कडेला तळघरांचे खड्डे आहेत. जानेवारी १८६५ मध्ये होल्मडेनच्या शेतात तेल लागलं, मे महिन्यात गावाची आखणी झाली आणि सप्टेंबरपर्यंत वस्ती सुमारे पंधरा हजारांवर गेली. पिंप वाहणारे गाडीवाले मनाला येईल तो दर लावत, म्हणून सॅम्युएल व्हॅन सिकेलने त्याच वर्षी पाच-एक मैलांची दोन इंची लोखंडी नळवाट (पाइपलाइन) रेल्वेपर्यंत टाकली. गाडीवाल्यांनी ती तोडली. त्याने पहारा बसवून चालवली. मग तेल आटलं, आगी लागल्या, लोक घरं उचलून घेऊन गेले. १८७८ मध्ये ही जागा काउंटीकडे ४ डॉलर ३७ सेंटना गेली.

उतरताना सोपं वाटतं. परतीचा चढ उभा आहे, सावली नाही, गवत ओलं असलं की पाय सटकतात. घोट्यापर्यंतचे बूट आणि लांब पँट हवीच. गवतात गोचीड असतात आणि या राज्यात लाइम रोग बराच आहे, म्हणून गाडीत बसण्याआधी गुडघ्यामागे, कमरेला नीट तपासा. पाणी सोबत न्या. तिथलं माहिती केंद्र वर्षातले थोडेच दिवस उघडं असतं, आधी चौकशी करा. ते बंद असताना गेलात तर लाकडी शहराची मांडणी डोळ्यांपुढे येत नाही आणि चढ फुकट जातो.

एकच दिवस असेल तर सकाळी फ्रँकलिनला दप्तरात बसा, होल्मडेनच्या शेताचे दस्त बघा, आणि दुपारनंतर पिटहोलला जा. उलट क्रमाने नको. चढून दमल्यावर खंडांतली बारीक, पुसट अक्षरं वाचवत नाहीत.