वैजनाथ ते महिपाळगड: गाडी देवरवाडीत ठेवा नि चालत जावा

गेल्या रविवारी आम्ही तिघं, मी, माझा भाचा नि शहापूरचा एक मित्र, बेळगावजवळच्या वैजनाथच्या देवळावरनं महिपाळगड किल्ला करून आलो. बेळगावकरांना वैजनाथ काही नवीन नाही, श्रावणात नि महाशिवरात्रीला तिकडं गर्दी असतीच, पण बहुतेक जण गाडीनं देवळापर्यंत जातात, दर्शन घेतात, गाडीनंच गडावर एक चक्कर मारतात नि जेवायला घरी. मधलं जंगल बघायचं राहूनच जातंय. मी स्वतः लहानपणापासनं असाच गेलोय आणि यावेळी पहिल्यांदा पायी गेल्यावर कळलं की केवढं सुटत होतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा करत बाची आलं की कर्नाटक संपलं, पुढं शिनोळीपासनं चंदगड तालुका. शिनोळीतनं देवरवाडीचा रस्ता फुटतो. बसनं येणाऱ्यांनी सीबीटीवरनं, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरनं, चंदगडकडं जाणारी कुठलीही बस धरावी, आपली कर्नाटकची असो नाहीतर महाराष्ट्राची एसटी, पण परतीची बस किती वाजता आहे ते शिनोळीत उतरल्या उतरल्या विचारून घ्या, संध्याकाळी विचारत बसू नका. पेट्रोल बेळगावातच टाकून निघा.

आम्ही साडेसहाला निघालो, सातच्या पुढं देवरवाडी. थंडी भरपूर होती, शेतात रताळ्याच्या वेलांवर दव नि डोंगर अर्धा धुक्यात. गावात एका काकांना विचारून त्यांच्या दारात गाडी लावली. गड हजार मीटरच्या आसपास आहे म्हटल्यावर भाचा जरा घाबरला होता, पण आपलं बेळगावच साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळं चढायचं असतं ते फार नाही, दम लागतो पण गुडघे मोडत नाहीत. आमच्या चालीनं वैजनाथला पाऊण तास लागला. देऊळ जुनं दगडी, शेजारी आरोग्य भवानी. सकाळी तिथं कोणी नव्हतं, गाभाऱ्यातला गारवा अंगावर आला तसा मित्र बराच वेळ काही न बोलता बसून राहिला.

देवळाच्या पुढं जंगल दाट होत जातंय. जांभूळ, हिरडा, अंजनी, खाली कारवी नि करवंदीच्या जाळ्या. अंजनीला उन्हाळ्याच्या तोंडाला जांभळी-निळी फुलं येतात, अख्खं खोड भरून, त्यासाठी मी परत जाणारच आहे. शेकरू आम्हाला दोनदा दिसलं, आधी आवाज ऐकू आला, मग फांद्या हलल्या, मग ती लांब शेपटी. हे सगळं बोलत बोलत चाललात तर दिसत नाही. आणि कृपा करून स्पीकर लावून जाऊ नका ओ, आमच्या मागनं एक गट गाणी लावत आला तेव्हापासनं पुढचा अर्धा तास एक पाखरू बोललं नाही.

इथंच आम्ही चुकलो. डांबरी रस्ता सोडून एक पायवाट वर जाताना दिसली, चांगली रुळलेली, म्हणून घेतली, आणि ती निघाली ढोरवाट. कारवीत घुसून चाळीस मिनिटं गेली, मोबाइलला रेंज नाही, नकाशा डाउनलोड केलेला नाही. शेवटी सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या एका मावशीनं परत रस्त्याला लावलं, वर म्हणाली, "बाळा, सकाळी हितं गवे असत्यात, असं घुसू नगो." तर नकाशा घरीच डाउनलोड करून घ्या, वाट बारीक व्हायला लागली की थांबा नि मागं या, गवा दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नका.

अजून एक, हे मनावर घ्याच. थंडी-उन्हाळ्यात गोचीड असतात. दोडामार्ग, सत्तरीकडं माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो ताप गोचिडातनंच पसरतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बूड टेकायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात नि अंग नीट तपासायचं. नंतर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरला आपण जंगलात गेलो होतो हे स्वतःहून सांगा.

गडावर पोचलो तर समोर अंगणं, गोठे, वाळत घातलेलं धान्य. महिपाळगडावर गाव आहे, लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. म्हणजे तुम्ही कोणाच्या तरी दारातनं चाललाय. धान्यावर पाय देऊ नका, म्हाताऱ्यांचे न विचारता फोटो काढू नका, प्लॅस्टिक खाली आणा. आम्ही एका घरी पाणी मागितलं तर तांब्याबरोबर गूळ पण आला. दगडातली गुहा बघायला टॉर्च न्या, मोबाइलचा पुरत नाही. कड्यावरनं बेळगावकडचा सगळा पसारा दिसला, धुकं उठायला अकरा वाजले होते, त्याआधी पोचलात तर घाई न करता बसा.

पाणी माणशी दोन लिटर, भाकरी-चटणी नि भडंग घरनं. पावसाळ्यात जळवा नि निसरडं, लहान मुलं असतील तर दिवाळीनंतरच जावा. उतरायला दीडच्या आत लागा, थंडीत झाडीत अंधार लवकर पडतो. आम्ही चारला देवरवाडीत होतो, काकांनी गाडीवर सावलीला पोतं टाकून ठेवलं होतं.