वसईची मिस्सा, गोव्याचं मीस

वसई सोडून गोव्यात आले त्याला आता तीन वर्षं होतील आणि अजून घरच्या ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतंच, काय गं, तिकडे चर्चला जातेस ना, करमतं का तिथे. पुण्याच्या मैत्रिणींचा प्रश्न वेगळा असतो, त्यांना मुळात मिस्सा म्हणजे चर्चमधली आमची उपासना, तिच्यात आत नक्की काय चालतं हेच माहीत नसतं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढते.

गोवा काही परदेश नाही, रात्री गाडीत बसलं की सकाळी वसई. पण पहिल्या रविवारी चर्चमधे बसले तेव्हा मला खरंच परक्या देशात आल्यासारखं वाटलं होतं. म्हापशाजवळच्या एका गावात आम्ही राहतो, शेजारच्या आंटीने सकाळी साडेसहालाच कुंपणावरून हाक मारली, "बाय, मिसाक येता?" आणि मला कळायला दोन क्षण लागले की ही मिस्सेला येतेस का म्हणून विचारतेय. आमच्याकडे मिस्सा, इथे मीस. दोन्ही शब्द एकाच ठिकाणचे, लॅटिनमधे विधी संपताना 'इते, मिस्सा एस्त' म्हणायचे म्हणजे जा, आता तुम्हाला पाठवलंय, त्यातलं ते मिस्सा. चर्चला इथे इगर्ज म्हणतात, कन्फेशनला कुमसार, कम्युनियनला कुमगार, फादरच्या प्रवचनाला शेर्मांव. आम्ही वसईत कम्युनियनला, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या भाकरीला, ख्रिस्तप्रसाद म्हणतो, प्रवचनाला प्रवचनच, आणि बायबलमधल्या येशूच्या चरित्राला शुभवर्तमान म्हणतो. चर्च दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच बांधली, पण वसई १७३९ साली मराठ्यांनी घेतली आणि गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिला, त्यामुळे हे पोर्तुगीज वळणाचे शब्द इथे लोकांच्या तोंडात इतके मुरलेत की ते बाहेरून आले असं कोणाला वाटतही नाही.

तर त्या पहिल्या रविवारी झालं असं की आपल्या स्वर्गातल्या पित्याची प्रार्थना सुरू झाली, सगळं चर्च 'आमच्या बापा' म्हणतंय आणि मी सवयीने मोठ्याने 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं. दोन ओळी पुढे गेल्यावर लक्षात आलं की माझा एकटीचाच आवाज वेगळा येतोय, मग गप्प झाले, आणि गप्प उभं राहिल्यावर मला इतकं रडायला आलं की काय सांगू. ही प्रार्थना मी बोलायला शिकले तेव्हापासून म्हणतेय आणि त्या दिवशी मला ती म्हणताच येत नव्हती. आंटीने काही विचारलं नाही, फक्त हात धरून ठेवला.

पण गंमत अशी की भाषा कळत नसूनही मी हरवले मात्र नाही. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, शरीराला सगळं माहीत होतं. आधी आपल्या पापांची कबुली आणि क्षमायाचना, मग वाचनं, पहिलं वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातलं, त्यानंतर स्तोत्र, मग दुसरं वाचन, आणि शुभवर्तमान आलं की सगळे उभे. कपाळावर, ओठांवर, छातीवर अंगठ्याने छोटे छोटे क्रूस काढायचे, हे वचन माझ्या मनात राहो, ओठांवर राहो, हृदयात राहो म्हणून. मग प्रवचन, विश्वासाची घोषणा, सगळ्यांसाठी प्रार्थना. त्यानंतर वेदीवर भाकर आणि द्राक्षारस आणतात आणि मिस्सेचा गाभा सुरू होतो. फादर येशूच्या शेवटच्या भोजनाचे शब्द उच्चारतात, पांढरी पातळ ओस्ती वर उचलतात, छोटी घंटा वाजते, आणि आमचा विश्वास असा की आता ती नुसती भाकर राहिलेली नाही, तो स्वतः तिथे आहे. ज्यांना हे प्रतीक वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण मी गुडघ्यावर असते ती प्रतीकासमोर नसते. त्या क्षणी इथल्या चर्चमधेही तीच शांतता पसरते जी माझ्या वाडीतल्या चर्चमधे पसरते, बाहेर फक्त माडाच्या झावळ्यांचा आवाज.

आजी सांगायची की तिच्या तरुणपणी सगळी मिस्सा लॅटिनमधे असायची, फादर वेदीकडे तोंड करून उभे आणि लाल लुगडं नेसलेल्या बायका मागे बसून आपापली रोझरी म्हणायच्या. १९६२ ते १९६५ मधे कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा आली, वसईत मराठी, गोव्यात कोकणी. आजीला कोण कौतुक होतं त्याचं, देव आता आपल्या भाषेत बोलतो म्हणायची. तिच्या त्या बोलण्याचं वजन मला इथे येऊन कळलं.

गोव्यात लॅटिन अगदीच गेलेलं नाही बरं का. ईस्टरआधीच्या उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाच्या मिरवणुका निघतात तेव्हा मोतेत गातात, लॅटिन गाणी, अनेक आवाजांत, सोबत व्हायोलिन. इथे पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळेत मुलांना संगीत शिकवायची पद्धत होती, गावोगावी व्हायोलिन वाजवणारे लोक भेटतात ते त्यामुळेच. पहिल्यांदा मोतेत ऐकलं तेव्हा संध्याकाळ होती, क्रूस घेतलेल्या येशूची मूर्ती जांभळ्या कापडातून हळू बाहेर आली, आणि वर कॉयरमधून तीन चार माणसांचा तो आवाज सुरू झाला, अर्थ एका शब्दाचा कळला नाही मला, पण शेजारचे एक म्हातारे आजोबा ओठ हलवत सगळं म्हणत होते, डोळे मिटून. मला वाटलं माझी आजी तरुणपणी ऐकायची ते हेच असेल. मे महिन्यात रस्त्याकडेच्या खुरसांपुढे म्हणजे क्रूसांपुढे लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना असते ती पण लॅटिनमधे, ती झाली की उकडलेले चणे वाटतात, आमची धाकटी तेवढ्यासाठी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकी हिंदू, सावंतवाडीकडच्या, घरात मराठी पेपर आणि ज्ञानेश्वरी. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमधे मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मारियामातेचं फेस्त असतं, तिथे त्या दरवर्षी तेल घेऊन जातात. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी बहिणी असं इथे मानतात. गेल्या वर्षी मी काकींसोबतच गेले. रांगेत मेणबत्त्या घेतलेले आणि तेलाच्या बाटल्या घेतलेले सगळे एकत्र उभे, काकी तेल घालून हात जोडतात, मी क्रूसाची खूण करते, आणि परत येताना फेरीतून म्हणजे जत्रेतून खाजं घेऊन दोघी बसने घरी.

काकींनीच मला ख्रिस्तपुराणाची आठवण करून दिली. शाळेत फादर स्टीफन्सचं नाव पाठ केलं होतं तेवढंच. हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, इथेच आयुष्य काढलं, आणि येशूची सगळी कथा मराठी ओवीत लिहिली, १६१६ मधे दक्षिण गोव्यातल्या साष्टीतल्या राचोलला ते छापलं, तेही रोमन लिपीत. म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी येशूची गोष्ट मराठी ओवीत ऐकलेली आहे, चारशे वर्षांपूर्वी. पुढे १६८४ मधे पोर्तुगीजांनी स्थानिक भाषा बंद करायचा हुकूम काढला, तरी लोकांनी कोकणी सोडली नाही. राचोलच्या सेमिनरीसमोर उभी होते तेव्हा मला आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची फार आठवण आली, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. काहीजण अजून विचारतात ना ख्रिश्चन असून मराठी कसं काय, त्यांना एकदा राचोलला आणायला हवं.

आता माझ्या आईचं सांगते. चर्चमधे रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून, विशेषतः ईस्टरच्या काळात. म्हणजे ज्या रविवारी इथे कोकणीत जे शुभवर्तमान वाचतात तेच त्या दिवशी वसईत मराठीत वाचलेलं असतं. हे मला माहीत होतं पण कधी मनावर घेतलं नव्हतं. आता दर रविवारी अकराच्या सुमारास आईचा फोन येतो आणि पहिला प्रश्न, "तुमच्या फादरांनी काय सांगितलं?" गेल्या उपवासकाळात उधळ्या पुत्राची गोष्ट होती, तिकडचे फादर सगळं उधळून परत आलेल्या धाकट्यावर बोलले, इकडचे घरीच राहून रागावलेल्या थोरल्यावर, आणि आम्ही दोघी पाऊण तास थोरल्याची बाजू घेत बसलो.

बाबांना जाऊन नोव्हेंबरात वर्ष झालं. वर्षाची मिस्सा वसईला होती, रजा मिळाली नाही, जाता आलं नाही मला. मग इथल्या चर्चच्या ऑफिसात जाऊन त्याच दिवशीची सकाळची मिस्सा बाबांच्या नावाने मागितली. सुरुवातीला फादर नाव वाचतात, त्यांनी बाबांचं आडनाव गोव्याच्या उच्चारात वाचलं, थोडं वेगळंच लागलं कानाला. आंटी आली होती, खालच्या काकी पण आल्या, मागच्या बाकावर पदर घेऊन बसल्या. 'आमच्या बापा' आलं तेव्हा मी ते कोकणीत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, एकही शब्द न अडखळता.

अकराला फोन वाजला. आई म्हणाली, "नाव नीट घेतलं ना गं त्यांचं?"

"घेतलं," म्हटलं, "इथल्यासारखं घेतलं."