काळी-पिवळीचा अंक हातात आला

मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवरचा, म्हणजे प्रीमियर पद्मिनीवरचा विद्यार्थी अंक अखेर बाइंडरकडून आला. आतली ४० पानं, कव्हरची ४, प्रती ३००. आभाराच्या पानावर नावं आहेत, पण कोणी नेमकं काय केलं ते तिथे मावलं नाही. ते इथे लिहितोय, म्हणजे पुढच्या तुकडीलाही उपयोगी पडेल.

पहिला मान टॅक्सीवाल्यांचा आणि गॅरेजमधल्या मिस्त्रींचा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना होता, इंजिन १०८९ सीसीचं, शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. एवढं कागदावर मिळतं. पण भर उन्हात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली की फ्यूएल पंपावर ओलं फडकं का टाकायचे, हे मिस्त्रीच समजावून सांगतो. इंजिनाच्या उष्णतेने पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफ पुढे ढकलू शकत नाही आणि पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर कोरडा पडतो. फडक्याने पंप निवला की वाफेचं परत पेट्रोल होतं. अंकातले शब्दही त्यांचेच ठेवलेत: पॉइंट, कंडेन्सर, क्लचप्लेट. कोशातले प्रतिशब्द घातले असते तर ज्यांची ही गाडी, त्यांनाच अंक परका वाटला असता.

मेकॅनिकलच्या सरांनी आकड्यांची तपासणी केली. वेगवेगळ्या काळच्या माहितीपत्रकांत बीएचपी, पीएस आणि किलोवॅट या इंजिनाच्या ताकदीच्या एककांची सरमिसळ असते. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. फरक छोटा दिसतो, पण दोन गाड्या शेजारी मांडल्या की निकाल फिरू शकतो. टॉर्क (इंजिनाचा पिळण्याचा जोर) किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर ९.८१ ने गुणून न्यूटन-मीटर करून घ्या आणि सगळ्या अंकात एकच एकक ठेवा.

फोटोंसाठी कॅमेरा आणि सीपीएल (चमक कापणारा) फिल्टर देणाऱ्या मित्राचे खास आभार. गाडीच्या काळ्या रंगात अख्खा रस्ता आरशासारखा दिसतो, ते प्रतिबिंब फिल्टर फिरवून बरंच कमी होतं. क्रोमच्या बंपरवर मात्र फिल्टर चालत नाही, धातूवरचं प्रतिबिंब तो कापत नाही. तिथे पांढरा थर्माकोल समोर धरावा लागतो, म्हणजे बंपरमध्ये फोटोग्राफरऐवजी स्वच्छ पांढरी पट्टी येते. आणि फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, लहान होऊन येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेनड्राइव्ह द्या. ए-फोर पूर्ण पान, चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापली जाणारी जादा कड) आणि ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरलं तर २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात.

सगळ्यात जास्त वेळ देवनागरीने घेतला. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला नसेल तर ‘गिअर’मधली वेलांटी ग च्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि ‘क्लच’चा क पाय मोडून वेगळा पडतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘बॅटऱ्या’च्या ‘बॅटर्या’ होतात. काही फॉन्टमध्ये ‘ॲ’च नसतो, मग ‘ॲक्सल’च्या जागी चौकोन उमटतो. हे स्पेलचेकरला सापडत नाही. मराठीच्या मॅडमनी कागदावर प्रिंट काढून, ओळीखाली पट्टी धरून दोनदा वाचलं, म्हणून ते सापडलं. प्रेसला मूळ फाइल देऊ नका, फॉन्ट एम्बेड केलेली (आत बसवलेली) पीडीएफच द्या.

प्रेसच्या मशीनमनने प्लेट (प्रत्येक रंगाचा छपाईचा पत्रा) काढण्याआधी फाइल उघडून एकच प्रश्न विचारला: अक्षरं किती रंगांत आहेत? वर्डमधून चिकटवलेला काळा आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला होता, छपाईच्या रंगांत बदलताना तो चारही रंगांत फुटला. मग प्लेट केसभर सरकली तरी अनुस्वार दुहेरी दिसतात आणि बारीक मात्रा माखतात. सगळी अक्षरं फक्त १०० टक्के काळ्यात आणली. कव्हरवरच्या गाडीमागच्या मोठ्या काळ्या भागाला मात्र उलटा नियम: तिथे नुसता काळा करडा दिसतो, म्हणून खाली ४० टक्के सायन (छपाईचा निळा) दिला. त्याच्या या एका प्रश्नाने अख्खा अंक वाचला, असं मी मनापासून म्हणेन.

आता बाइंडर काका. १९ × २५ इंची कागदावर ए-फोरचा आठपानी फर्मा (एका कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेली आठ पानं) बसतो, म्हणून आतली ४० पानं म्हणजे बरोबर ५ फर्मे. ३८ पानांचा मजकूर असेल तर दोन पानं भरा, किंवा सहा कापा. कागद आत १०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट, कव्हर २५० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. सेंटर पिनमध्ये (मधल्या घडीवर पिना मारून केलेल्या बांधणीत) मधली पानं बाहेर ढकलली जातात, आपल्या जाडीत सुमारे एक मिलिमीटर, आणि कटिंगमध्ये तेवढी जातात. आमचे पृष्ठक्रमांक कडेपासून ४ मिमीवर होते. काकांनी कोऱ्या कागदाची डमी दुमडून, कापून दाखवली, मग ते १० मिमीवर घेतले. कव्हरला क्रीझ (घडीची खाच) मारायचाच आणि कागदाचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, कव्हरच्या घडीला समांतर ठेवायचा, नाहीतर घडीवर शाई तडकून पांढरी रेघ दिसते.

ती कोरी डमी विभागाच्या कपाटात, दुसऱ्या खणात ठेवली आहे. प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक आहे. पुढच्या अंकाचं काम काढाल तेव्हा आधी ती उघडा.