डार्विनचं हूकरला पत्र, घाणा चौथा: शाई फुटायची थांबली!

मंडळी, जमलं एकदाचं! निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विननं वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरला लिहिलेलं पत्र मी घरी केलेल्या शाईनं, टाकानं उतरवतोय. मागच्या फोटोत त्यातल्या 'खून कबूल केल्यासारखं' या ओळीतल्या प्रत्येक अक्षराला शाई पसरून कसे पाय फुटले होते ते आठवतंय ना, तीच ओळ आज सकाळी तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा बारीक रेघ बारीकच राहिली.

आधी शाईचं. मायफळं या वेळी काष्ठौषधीवाल्याकडून अख्खी आणली, तीच आपली बाळगुटीतली. ऑनलाइन मागवलेली पूड परत घेणार नाही, तिच्यात काय मिसळतात देव जाणे. कुटून तीन दिवस पाण्यात ठेवली, गाळली, मग हिराकस (म्हणजे लोहाचं सल्फेट) आणि बाभळीचा डिंक. आधीचा हिराकस पिवळट पडला होता म्हणजे हवेनं उतरलेला, आता ताजा हिरवागार मिळाला. लिहिताना शाई फिकट राखाडी दिसते आणि रात्रभरात काळी होते, सकाळी उठून पहिलं ते बघायला जातो मी!

पण फुटण्याचा दोष शाईचा नव्हताच, कागदाचा होता. माझा हातकागद पाणी पितो. जिलेटिनचा हात दिला तर वाळताना पापडासारखा वाकला, जास्त दिला तर टाक घसरायला लागला, डिंक वाढवला तर नीब तुंबली, यात दोन आठवडे गेले. मग डोक्यात आलं की आपल्याकडचे जुने कागद घोटलेले असायचे. म्हणून तांदळाची पातळ खळ लावली, सावलीत वाळवला आणि गुळगुळीत गोट्यानं अर्धा तास घोटला. बस्स, हेच हवं होतं. इंग्लंडातल्या कागदाशी हे जुळत नाही, मान्य, पण रेघ जुळतेय.

त्या ओळीसाठी एवढा आटापिटा का, तर ११ जानेवारी १८४४ च्या त्या पत्रात डार्विन 'प्रजाती नाहीत' असं लिहितो, तिथेच कंस उघडतो, हे म्हणजे खून कबूल केल्यासारखं आहे म्हणतो, कंस बंद करतो आणि मग कुठे 'अचल', म्हणजे कधीच न बदलणाऱ्या, हा शब्द येतो. हूकर अंटार्क्टिकाच्या सफरीवरून नुकताच परतलेला, ओळखही नवीनच, आणि त्याला हे सांगायचं. ही ओळ एका बुडवणीत व्हायला पाहिजे, मध्येच दौतीकडे हात गेला की डार्विनचा अडखळता श्वास हातातून निघून जातो. आज पहिल्यांदा 'अचल'पर्यंत शाई पुरली.

आता नवीन अडचण म्हणजे वजन. दोन ताव आणि पाकीट मिळून १९ ग्रॅम भरलं. १८४० नंतर इंग्लंडात एका पेनीत अर्धा औंस जायचं, म्हणजे साधारण १४ ग्रॅम, तेव्हा माझं पत्र दुप्पट टपालाचं झालं. पातळ कागद शोधतोय.

खरं तर यानंतर डार्विननं बीगल या जहाजावरून बहिणींना लिहिलेलं पत्र घेणार होतो, पण हे लिहितानाच वाटतंय की आधी हूकरचं २९ जानेवारीचं उत्तर करावं. तो घाबरत नाही की झिडकारत नाही, प्रजाती हळूहळू बदलल्या असतील असं त्यालाही वाटतं आणि तो बदल कसा झाला असेल यावर तुझं मत ऐकायला आवडेल म्हणतो. दोन्ही पत्रं शेजारी शेजारी हवीतच. त्यासाठी वेगळी, जरा ताठ नीब लागेल, कोणाकडे जास्तीची असेल तर सांगा, आणि पातळ पण न फुटणारा कागद कुठे मिळतो तेही.